धुऱ्यावरचं निळं टिंब

बाबांचा जुना फोन त्यांना त्यांच्याच शेतात उभं राहू देईना, म्हणून नवा फोन घ्यायचं ठरलं.

पेरलेल्या पिकाची नोंद आता शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची असते. शेतात जाऊन उभं राहायचं, ॲप उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा. माणूस खरंच आपल्या गटात, म्हणजे आपल्या नंबरच्या शेतात उभा आहे की घरी खाटेवर बसून फोटो काढतोय, हे फोन आधी तपासून घेतो. बाबांच्या फोनची काच तडकलेली होती आणि त्याचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. बाबा कमरेइतक्या कपाशीच्या मधोमध उभे राहायचे, आणि फोन त्यांना सांगायचा की तुम्ही तुमच्या शेतापासून दूर आहात. जवळ जा, म्हणायचा. बाबा दोन तासं, म्हणजे कपाशीच्या दोन ओळी पुढे जायचे, तर तो आणखी दूर दाखवायचा.

तिथूनच त्यांनी मला अमरावतीला फोन केला. मी ऑफिसात होते. नोंदीची मुदत संपत आली आहे, ती झाली नाही तर सातबाऱ्यावर वावर पडीक लागेल, हे सगळं त्यांनी सांगितलं खरं, पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. "माह्या बापानं वाह्यलं हे वावर, मी वाह्यलं," ते म्हणाले, "अन् हे मले म्हणते तुमी वावरात नाही. मंग मी हाओ तरी कुठी?"

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. बाबांचा राग म्हणजे उन्हाळ्यातली चूल, विझली असं वाटून हात लावला की भाजतो.

फोन अकोल्यालाच घ्यायचा, हे न बोलताच ठरलं होतं, कारण अकोल्याला काका राहतात. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. शाळेत मास्तर होते, आता निवृत्त. आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. आजोबांनी वाटणी करून दिली, तेव्हापासून दोघा भावांची वावरं एकमेकांना लागून आहेत, मधे फक्त धुरा. बाकीचे लोक ज्याला बांध म्हणतात तो. त्या धुऱ्याच्या दोन्ही टोकांना दोघांनी मिळून दगड रोवले, तेव्हा काकांच्या पायाच्या अंगठ्यावर दगड पडला होता. ते नख अजून वाकडंच आहे. काका दर रविवारी सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरतात, बाबा मोटारसायकल घेऊन स्टेशनवर उभे असतात, मग दोघं वावरात जातात आणि दुपारी आईच्या हातचं जेवतात. काकांना ऑटो मिळत नाही असं नाही. पण बाबांनी न्यायला जायचं, हा आमच्या घरातला रविवार.

दुकानात बाबा, काका आणि मी असे तिघं गेलो. काउंटरवरची मुलगी कॅमेऱ्याचं कौतुक सांगायला लागली. बाबांनी तिला थांबवलं. फोटो राहू दे, मी आता कुठे उभा आहे तेवढं दाखव, म्हणाले. तिनं नकाशा उघडला. निळं टिंब रस्त्यापलीकडच्या साड्यांच्या दुकानात होतं. बाबा टोपी घालून निघालेच. काका त्यांच्या दंडाला धरून हसत होते. ती मुलगी मात्र हुशार. ती बाबांना घेऊन सरळ बाहेर फुटपाथवर आली, आणि थोड्या वेळात टिंब सरकत सरकत दुकानाच्या दाराशी येऊन थांबलं. छताखाली फोनला आभाळ दिसत नाही, म्हणून तो गोंधळतो, असं तिनं समजावून सांगितलं. आभाळ पाहून सांगतो, ही गोष्ट बाबांना एकदम पटली. तेही आयुष्यभर तेच करत आले आहेत. काकांनी घासाघीस करून वरचं कव्हर फुकटात मिळवलं आणि काचेवर काचही लावून घेतली.

परतताना माझ्या कारमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी त्या फोनची परीक्षा घेतली. एरवी दिशांच्या बाबतीत मी अगदी कच्ची. इतकी वर्षं अमरावतीत राहूनसुद्धा राजापेठेतून बडनेऱ्याला जायचं तरी फोनमधल्या बाईला विचारते. बाबांना ही माझी लाजिरवाणी सवय वाटायची. त्या दिवशी मात्र ते कान देऊन ऐकत होते. बाईनं आमच्या गावाचं नाव असं काही उच्चारलं की ते गाव नकाशात नसावंच असं वाटलं, पण बाबांनी ते माफ केलं. पूल आला, तिनं सांगितलं. फाटा आला, तिनं सांगितलं. एका वळणावर बाबा मला म्हणाले की वळू नको, सरळ घे, काय करते पाहू. मी सरळ घेतली. बाईनं न रागावता पुढचा रस्ता शोधून दिला.

"चिडत नाही बाप्पा हे," बाबा म्हणाले. "तुह्या आईनं आतापर्यंत गाडीतून उतरून देल्लं असतं."

दुसऱ्या दिवशी नोंद झाली. बाबा कपाशीत उभे राहिले आणि फोननं मुकाट्यानं मान्य केलं की ते त्यांच्या वावरात आहेत. मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज एवढा हलका होता की मलाही सुटल्यासारखं झालं. पुढे आईकडून कळत राहिलं की फोनला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधून वावरात नेतात, कुणाच्या हातात देत नाहीत, मातीवर तर ठेवतच नाहीत. मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

आणि मग एका शनिवारी आईचा फोन आला. "तुहा बाप उद्या टेसनवर जात नाही म्हणते," ती म्हणाली. "तू येऊन जाय."

मी दुपारीच निघाले. घरी पोचले तर बाबा ओसरीवर बसलेले, फोन समोर. झालं होतं असं. गावात कुणीतरी त्यांना गटांच्या रेषा दाखवणारा नकाशा फोनमध्ये टाकून दिला होता. बाबा हौसेनं तो घेऊन आपल्या वावराला फेरी मारायला गेले. तीन बाजू ठीक निघाल्या. चौथ्या बाजूला, धुऱ्यावरच्या बाभळीपाशी, ते पलीकडे काकांच्या तुरीत उतरले, तरी निळं टिंब आमच्याच गटात. आणखी आत गेले, तरी आमच्याच गटात. याचा अर्थ बाबांनी एकच लावला, जो आमच्याकडे कुणीही लावेल. धुरा कोरला. नांगरणी करताना दर वर्षी बांधाची थोडी थोडी माती आपल्या बाजूला ओढायची, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि काही वर्षांनी धुरा शेजाऱ्याच्या वावरात सरकलेला असतो. यावरून आमच्या भागात भावाभावांची तोंडं आयुष्यभरासाठी फिरलेली आहेत.

मी जीव तोडून समजावलं. फोनला थोडंफार इकडेतिकडे होतंच, झाडाखाली तर जास्त होतं, त्या रेषाही कुणीतरी जुन्या नकाशावरून काढलेल्या, त्यांच्यावर भावाला चोर ठरवायचं का? बाबांचं उत्तर तयार होतं. फाट्यावर बरोबर वळवलं, पुलावर बरोबर बोलली, वावरात उभा होतो तर वावरात आहे म्हणाली. मग धुऱ्यावरच काहून खोटं बोलेल?

अकोल्याहून येताना बाबांच्या सांगण्यावरून गाडी सरळ घेऊन त्या बाईवर त्यांचा विश्वास मीच तर बसवला होता. सरकारी मोजणी मागवतो, बाबा म्हणाले. मोजणी म्हणजे नोटीस, पंच, गाव गोळा होणार, आणि मग स्टेशनवरची ती मोटारसायकल कायमची बंद. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती भांडी जोरात ठेवत राहिली.

सकाळी काकांना आणायला मी गेले. गाडीतून उतरल्यावर त्यांनी नेहमीच्या जागी पाहिलं, मग मला पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. दादाची तब्येत बरी नाही का, एवढंच विचारलं. बरी आहे म्हटलं. मला भीती वाटत होती. इतकी भीती मला दहावीच्या निकालाचीही वाटली नव्हती.

बाबा वावरातच होते. आम्ही धुऱ्याच्या चिखलातून बाभळीपर्यंत गेलो. बाबांनी काकांकडे न बघता फोन पिशवीतून काढला, नकाशा उघडला आणि बाभळीखालच्या टोकाच्या दगडावर ठेवला. एरवी त्यांनी तो हातातून सोडला नसता, पण दगड कुठे दिसतो ते काकांना दाखवायचं होतं. टिंब आमच्या रेषेच्या बरंच आत होतं. "पाह्य," बाबा म्हणाले. "दगड माह्या वावरात येऊन राह्यला. धुरा कुठी पायजे होता मंग?"

काकांनी वाकून पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही. मला वाटलं आता हेही भडकतील, मास्तरकीच्या आवाजात काहीतरी तोडून बोलतील, आणि संपलं. पण ते धुऱ्यावरच बसले, ओल्या मातीत, धुतलेल्या पायजम्यासकट.

"दादा, तुले धुरा पायजे असंल तं घे," ते म्हणाले. "माह्या तुरीतून काढून घे. पण टेसनवर येत जाय. आज तू दिसला नाही तं मले वाटलं, काही झालं तुले."

बाबा उभेच. भावाच्या तोंडाकडे बघवेना म्हणून ते फोनकडे बघत राहिले. मीही तिकडेच बघत होते, आणि म्हणून आम्हा दोघांनाही ते एकदमच दिसलं. फोन दगडावर जसाच्या तसा पडलेला, कुणी बोट लावलं नव्हतं, आणि टिंब मात्र हळूहळू सरकायला लागलं होतं. आमची रेषा ओलांडून ते काकांच्या तुरीत शिरलं. तिथे थोडं थांबलं. मग पुन्हा आमच्या कपाशीत आलं, पुन्हा तिकडे गेलं.

बाबांनी खाली वाकून फोनखालचा दगड हलवून पाहिला. दगड हलला नाही. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. टिंब परत काकांकडे गेलेलं.

"हे तं मोकाट ढोर हाय," बाबा म्हणाले. "या वावरातून त्या वावरात चरून राह्यलं."

काकांना आधी हसू फुटलं. त्यांचं हसणं थांबेचना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी फक्त हसण्याचं नव्हतं हे तिघांनाही कळत होतं. बाबा त्यांच्या शेजारी चिखलात बसले. मी कोरला असं वाटलं तुले, असं काकांनी विचारलं, आणि बाबांनी सरळ हो म्हटलं. वाटलं, म्हणाले, दोन रात्री झोपलो नाही. त्यांनी काकांचा पाय ओढून ते वाकडं नख पाहिलं, जणू ते अजून जागेवर आहे की नाही याची खात्री करून घ्यायची होती. मी जरा लांब जाऊन तुरीकडे तोंड करून उभी राहिले. एवढं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारी जेवणं अशी झाली की आईला दुसऱ्यांदा कणीक मळावी लागली. काय झालं ते तिनं विचारलंच नाही, दोघांचे मागून माखलेले पायजमे पाहिले आणि काकांच्या ताटात जास्तीचं तूप घातलं. दोघांनी अकोल्यातल्या साड्यांच्या दुकानात शिरलेल्या टिंबाची गोष्ट पुन्हा सगळी सांगितली, आणि आई अशी हसली जशी पहिल्यांदाच ऐकतेय.

संध्याकाळी काकांची गाडी होती. बाबांनी मोटारसायकल बाहेर काढली, काका मागे बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओसरीवरच्या कोनाड्यात फोन नाही. दुपट्ट्यातही नव्हता. मातीवर कधी न ठेवलेला तो नवा कोरा फोन, सकाळपासून धुऱ्यावरच्या दगडावर तसाच पडून होता. आभाळही भरून आलं होतं. मी घाईघाईनं माझ्या फोनवर त्याचा ठावठिकाणा शोधला आणि बाबांना ओरडून सांगितलं की तो काकांच्या वावरात दाखवतोय, आधी तो घेऊन या.

बाबांनी किक मारली. काकांचे हात त्यांच्या खांद्यावर होते.

"आपल्याच वावरात हाय नं," बाबा म्हणाले. "राहू दे. याले टेसनवर सोडून येतो, मंग आणतो."