केसरबाईने इस्त्री धुतली
सत्याऐंशी सालची गोष्ट. आठवली की अजून अंगावर काटा येतो. केसरबाई नंदुरबारकडची, तिचा नवरा सुकदेव सिल्वासाजवळ मसाटच्या कारखान्यात होता. मी सिल्वासात शाळाशिक्षिका. ती माझ्याकडे धुणंभांडी आणि इस्त्री करायची. माहेरी इस्त्रीचाच धंदा, त्यामुळे हात असा की माझ्या सुती साडीची घडी बघून शाळेतल्या बायका विचारायच्या, "कुठे देता हो?" फक्त विजेला घाबरायची. प्लग मी लावून द्यायचा, मी काढायचा.

एका शुक्रवारी माझ्या नववीतल्या मुलीने, केतकीने नायलॉनची ओढणी जाळली. इस्त्रीच्या तळाला काळा चिकटा बसला. आधी मी केतकीला फैलावर घेतलं, मग निघता निघता केसरबाईला बजावलं, "हे घासून लख्ख कर. उद्या सकाळी हिला गणवेशाला इस्त्री करायचीय. डाग राहिला तर बघ हां!" कागदावर मीठ पसरून गरम तळ त्यावर फिरवायचा, एवढं साधं सांगायला काय झालं होतं मला? नाही सांगितलं. घाई ना!

तिने माहेरची रीत केली. तिकडे कोळशाच्या पितळी इस्त्र्या. चिंच आणि राखेने घासायच्या, आतली राख जावी म्हणून पाण्यात बुचकळायच्या, उन्हात ठेवायच्या. माझी विजेची इस्त्रीही तिने तशीच बादलीत बुडवली.

पाच वाजता घरी आले तर केसरबाई जमिनीवर आडवी! तळहात भाजलेला, डोळे मिटलेले. इस्त्री एकीकडे, प्लग भिंतीतून निघून जमिनीवर पडलेला. अगं आई गं! शेजारचे गजाननभाऊ धावत आले, रिक्षा आणली, म्हणून दवाखाना गाठता आला. डॉक्टर म्हणाले, "फेकली गेली म्हणून वाचली. चिकटून राहिली असती तर संपलं होतं."

तिने डोळे उघडले आणि मी तिथेच सुरू झाले. "अगं शहाणे, कधी प्लगला हात लावत नाहीस, आजच कुठली अवदसा आठवली?"

"उन्हातून उचलली बाई, तर आतून पानी ठिबकलं," ती पुटपुटली. "म्हटलं, आपलं कायतरी चुकलं. सकाळी पोरगी हात लावंल. त्याच्याआधी मीच लावून पाहते."

केतकी रोज आंघोळ करून, ओल्या पायांनीच इस्त्रीला उभी राहायची. मला खाटेच्या कडेला बसावं लागलं.

"अगं, मग थांबायचंस ना! मी येतच होते. मला सांगायचं, इस्त्री भिजली म्हणून. टाकून दिली असती!"

तिने पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला.

"तुम्ही वरडल्या असत्या, बाई."