एबोनाइटचा वास

अशोकदादाने दिलेलं जुनं काळं पेन मी उकळत्या पाण्यात बुडवलं. निबमध्ये शाई वाळली होती; भांडं निघतं तसं पेनही लख्ख निघेल, असा माझा हिशेब. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, ते गरम पाण्याला भितं, हे दादाने कितीदा बजावलं होतं. बाहेर काढलं तर शेणाच्या रंगाचं! दादा हॉस्पिटलातून घरी आला की काय थाप मारायची, याची तालीम चालू असताना पालघरहून त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले." थाप मारायची वेळच आली नाही…

दादा म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, थोरला भाऊ. साताऱ्याकडून बोईसरला फिटर म्हणून आला आणि तिथल्या सरावलीचाच झाला. भंगारातून, जुन्या बाजारातून पेनं आणायची, सुटी करायची, आतली रबरी नळी बदलायची, वाकडी निब सरळ करायची आणि मग मोबाइलसमोर बसून त्यांची परीक्षा घ्यायची. परीक्षा कसली, उलटतपासणीच! नकली सापडलं की पेन ऐरणीवर आणि वर हातोडा. तुकडे उडायचे, मी मोबाइल धरून डोळे मिटायचो. खऱ्या एबोनाइटची खूण एकच: अंगठ्याने खसाखसा घासायचं, गंधकाचा वास यायला हवा. पण आमच्याकडे कारखान्यांचा वारा सुटला की दात घासायच्या ब्रशलाही तो वास येतो. म्हणून दादा समुद्रावर जायचा, वारा पाण्याकडून आला की हुंगायचा, मगच निकाल द्यायचा. मी एकदा घरात बसून प्लॅस्टिकचं पेन अस्सल ठरवलं, तेव्हा म्हणाला, "दाजी, ते नाक कारखान्यात जमा करा."

वाणगावकडचा एक विक्रेता नवी प्लॅस्टिकची पेनं आजोबांच्या काळातली म्हणून विकत होता. दादाने व्हिडिओत ती फोडली आणि व्हिडिओ नेटवर टाकला. एका दुपारी तो विक्रेता दोघांना घेऊन सरावलीला दादाकडे आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"व्हिडिओ काड. आमचा धंदा बसला हाय."

"घासून वास घे. एबोनाइट निघालं तर काढतो."

दोघांनी दादाला धरलं. विक्रेत्याने त्याचा उजवा हात टेबलावरच्या वाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, घातला आणि दांडा फिरवला. बोटं मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी धावलो, माझं शौर्य एका थपडेत आटोपलं. चष्मा गेला, ओठ फाटला. निबांवर, शाईच्या बाटल्यांवर दादाचं रक्त उडालं होतं.

"आता काडशील?"

दादाचा चेहरा पांढराफटक. "नाही."

मग त्याच्या डोक्यात लोखंडी सळई बसली. दादा त्यानंतर शुद्धीवर आलाच नाही.

तिघे तुरुंगात आहेत. परवा विक्रेत्याचा चुलता आमच्याकडे आला, हात जोडून. "झाला तो झाला, साहेब. व्हिडिओ तेवढा काडा. घरात पोरीचा लगीन हाय, लोक नाय नाय ते बोलतात." दादाचा मोबाइल आता आमच्याकडे असतो. समोर म्हातारा रडत होता. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि जन्मात कुणाला तोंडावर नकार न दिलेला मी म्हणालो, "बघतो."

तो गेल्यावर मी तो व्हिडिओ उघडला. दादाचा अंगठा पेन घासत होता, खसाखसा… मी तो तिथेच थांबवला. सुनंदा कपबशा उचलता उचलता मागे उभी राहिली.

"बघतो काय?" ती म्हणाली. "दादाने मोडलेल्या हाताने 'नाही' म्हटलं. तुमचे तर दोन्ही शाबूत आहेत."