चाळीस दिवसांची किल्ली

आमलीपाड्याच्या चर्चमध्ये वर्षाची सुरुवात नोव्हेंबरच्या शेवटी होते, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. त्याच सुमारास ऊसतोडीचा मुकादमही ट्रक घेऊन येतो. त्यामुळे ख्रिस्ताच्या आगमनासाठी म्हणून स्टीफन गावित यांनी पावसाळाभर तयार केलेली चौदा जणांची गायनमंडळी ख्रिस्त यायच्या आत पाच जणांची होते. बाकीचे नऊ जण गुजरातेत उसाच्या फडात नाताळ करतात. स्टीफन याबद्दल कधी तक्रार करत नसत. एवढंच म्हणत, "मुकादम वेळेचा पक्का आहे. आपल्या मंडळीत असता तर बरं झालं असतं."

स्टीफन गावित यांना सगळे मास्तर म्हणतात. ते कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. दीड एकर भात, बांधावर तूर आणि उरलेल्या दिवसांत नवापूरला गवंड्याच्या हाताखाली काम, हा त्यांचा व्यवसाय. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात एका सिस्टरने त्यांना पेटी शिकवली आणि जाताना ती पेटी त्यांनाच देऊन टाकली. गेली तीस वर्षं ते ती घेऊन आसपासच्या चार धर्मग्रामांत, म्हणजे चार चर्चच्या हद्दींत, गायनाचे कार्यक्रम करतात. आगमनकाळात एक, उपवासकाळात एक, ईस्टरला एक आणि नोव्हेंबरात मृतांच्या महिन्यात एक. बॅनरवर 'भक्तिसंगीत सोहळा' असं छापलेलं असतं. बॅनर एकच आहे, त्यामुळे त्यावर तारीख नाही. कार्यक्रमाला हिंदू शेजारीही येतात. काही गाण्यासाठी येतात, काही नंतरच्या वरणभातासाठी, आणि दोघांनाही मास्तर सारख्याच गंभीरपणे नमस्कार करतात.

उपवासकाळाचा कार्यक्रम मात्र बिनपेटीचा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी आले की मास्तर पेटी पुसत, लाकडी खोक्यात ठेवत आणि कुलूप लावत. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस पेटी बंद, ढोलकी बंद, आणि 'आल्लेलुया' हा आनंदाचा शब्दही बंद. पेटीचा नियम चर्चचाच होता, पण चर्चने तो थोडा सैल ठेवला होता. मास्तरांनी तो आवळून घेतला होता.

सुरुवातीची काही वर्षं किल्ली त्यांच्याचकडे असे. एका वर्षी तिसऱ्या आठवड्यात त्यांची बायको प्रिस्किला शेतातून अवेळी घरी आली, तर मास्तर दार लावून, भात्याला फडकं गुंडाळून, हळूच पेटी वाजवत बसलेले.

"तपासून बघत होतो," मास्तर म्हणाले. "उंदीर शिरला असेल म्हणून."

"उंदीर चांगला वाजवतो," प्रिस्किला म्हणाली आणि हात पुढे केला.

तेव्हापासून किल्ली तिच्याकडे. ती कुठे ठेवते हे मास्तरांनी विचारायचं नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी सकाळी, ती किल्ली आणून देई. तीही त्यांना मास्तरच म्हणत असे, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला चिमटा असायचा.

प्रिस्किलाचं एक गाणं होतं. तिने भातलावणीच्या चालीवर मावची बोलीत जुळवलेलं. त्यात पाऊस, चिखल, रोपं, वाकलेली पाठ आणि दर ओळीनंतर आल्लेलुया. पूर्वीच्या एका फादरांना ते फार शेतातलं वाटलं होतं. लोकांना तेच हवं असे. गाताना प्रिस्किला दर आल्लेलुयाला अर्धा श्वास उशिरा येई. मास्तरांनी वीस वर्षं ती चूक सुधारायचा प्रयत्न केला. शेवटी सगळी मंडळीच तिच्यासाठी अर्धा श्वास थांबायला शिकली.

नऊ वर्षांपूर्वी मंडळीतला ढोलकीवाला दानियल सिकलसेलने गेला. वय वीस. गेला तो उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याची आई रमीबाई अंगणात मास्तरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्याच्या मातीला प्रिस्किलाचं गाणं म्हणा. पेटीवर. त्याला आवडायचं."

मास्तर म्हणाले, "उपवासकाळ आहे, रमीबाई. आल्लेलुया म्हणता येत नाही."

"तो उपवासकाळ बघून मेला नाही."

"ईस्टरला म्हणू. त्याच्या नावाने म्हणू."

ईस्टरला त्यांनी खरोखर म्हटलं, त्याच्या नावाने. रमीबाई त्या दिवशी आली नाही. नंतरही ती चर्चला यायची, मागच्या चटईवर बसायची, पण मास्तरांच्या अंगणात तिने पाऊल ठेवलं नाही, आणि मास्तरांनीही तिच्या. दोन घरांमध्ये एक चिंच आणि एक हातपंप एवढंच अंतर.

यंदा प्रिस्किलाला कावीळ झाली. पाच दिवस दवाखान्यात ठेवलं, मग तिनेच घरी न्या म्हटलं. उमाकांत नावाचा शहाद्याकडचा माणूस मंडळीला कार्यक्रमांना नेतो. त्याच्याच जीपमधून तिला आणलं. खाटेवर टेकल्यावर तिने विचारलं, "कितवा आठवडा?"

"चौथा," मास्तर म्हणाले.

"मग घाई झाली माझी." थोड्या वेळाने म्हणाली, "तीन आठवडे काढते. तेवढ्यासाठी गाणं अडायला नको."

मास्तर म्हणाले, "बरी होशील." हे त्यांनी कुठल्याही नियमाला न विचारता म्हटलं.

तिने सहा दिवस काढले.

तिला मातीला न्यायच्या आधी अंगणात मंडळीतले पाच जण जमले होते. बाकीचे नऊ फोनवर. मंडळीतली सर्वांत वरच्या सुरात गाणारी एस्तेर फोन उंच धरून उभी होती आणि पडद्यावर उसाच्या पाचटात उभी असलेली माणसं टोप्या काढून वाट पाहत होती. काय गायचं, याची. प्रत्येकाला माहीत होतं की प्रिस्किलाने काय मागितलं असतं.

"काका, म्हणू या?" एस्तेरने विचारलं.

फादर तरुण होते. ते मास्तरांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, बिशपांना विचारलं तर पत्र येईल. नाही विचारलं तर कुणाला कळणार आहे?"

मास्तरांनी गर्दीच्या शेवटी पाहिलं. रमीबाई चिंचेला टेकून उभी होती.

"रमीबाईला कळेल," ते म्हणाले. "नाही, फादर. नको."

मग त्यांनी दयायाचनेचं स्तोत्र धरलं, पेटीशिवाय. प्रिस्किलाला ते स्तोत्र कधी आवडलं नव्हतं. ती म्हणायची, ह्यात माणूस फार रडतो आणि काम काही करत नाही. फडातला आवाज मागून येत राहिला आणि मध्येच रेंज गेली.

दोन दिवसांनी मास्तरांच्या लक्षात आलं की किल्ली कुठे आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांनी नागलीच्या पिठाचा डबा उपसला. मरियामातेच्या तसबिरीमागे पाहिलं, बियाण्याच्या गाडग्यात हात घातला, कौलांच्या वाशांवरून बोटं फिरवली. कुठेही नव्हती. तेव्हा त्यांना आठवलं की प्रिस्किलाला सगळं काही पदराच्या गाठीत बांधायची सवय होती. रेशनची चिठ्ठी, सुपारी, सगळं. आणि तिला नेसवलेली साडी तर बायकांनी तिच्याच पेटाऱ्यातून काढली होती. गाठी कुणी तपासल्या नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी शोधणं थांबवलं.

ईस्टरचा कार्यक्रम यंदा आमलीपाड्यालाच होता. तीन धर्मग्रामांच्या मंडळ्या येणार होत्या. आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी, उमाकांत वेळ ठरवायला आला. खोक्यावरचं कुलूप पाहून म्हणाला, "मास्तर, हाई पेटी शे का तिजोरी? हातोडी शे गाडीमा. एकच ठोका मारना."

"नको."

"आरे, पन उघडशात कशी?"

"नाही उघडली तर नाही उघडली."

फादर म्हणाले, शेजारच्या धर्मग्रामाचा कीबोर्ड आणू. मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे फादरांना कळलं नाही. त्यांनी होकाराची धरली.

पवित्र शनिवारी सकाळी मास्तर अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते. रमीबाई आत आली. नऊ वर्षांनी. उपड्या टोपलीवर बसली आणि फुलांकडे बघत राहिली.

"उद्या पेटी वाजणार का, मास्तर?"

"किल्ली नाही."

"कुठे गेली?"

मास्तरांनी टेकाडाकडे पाहिलं. कबरस्तान तिकडेच होतं. "तिच्याबरोबर. पदराला बांधून ठेवायची ती."

रमीबाईने आपला पदर पुढे घेतला, दातांनी गाठ सोडली आणि किल्ली जमिनीवर ठेवली.

मास्तर उकिडवे बसले होते, ते खाली बसले.

"दानियल गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी राखेच्या बुधवारी ती आली माझ्याकडे," रमीबाई सांगू लागली. "म्हणाली, ह्याने तुझ्या पोरासाठी पेटी उघडली नाही. आता तू दिल्याशिवाय ह्याची पेटी उघडायची नाही. मी म्हटलं, मी विहिरीत टाकीन. म्हणाली, टाक, पण शनिवारपर्यंत थांब. शनिवारी येऊन दारात उभी राहिली. काही मागितलं नाही. मी दिली."

"दर वर्षी?"

"आठ वर्षं. तीन वेळा विहिरीपर्यंत जाऊन आले."

म्हणजे आठ ईस्टर मास्तरांनी या बाईच्या मर्जीवर वाजवले होते. चार धर्मग्रामांत टाळ्या घेतल्या होत्या, आणि मागच्या चटईवर बसलेल्या या बाईला एकदाही मान वर करून विचारलं नव्हतं, कसं झालं.

"या वर्षी दारात कुणी आलं नाही," रमीबाई म्हणाली. "आज उजाडल्यापासून वाट पाहिली. मग म्हटलं, या बावळटाला माहीतच नाही."

मास्तरांनी जमिनीवरची किल्ली उचलली.

"त्या दिवशी तू फादरला नाही म्हणालास. मी ऐकलं."

"तुला नाही म्हटलं होतं. मग तिला हो कसं म्हणणार?"

रमीबाईने एक मोहाचं फूल उचललं, चिमटीत दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. "म्हणायला हवं होतं. माझ्या पोराला मिळालं नाही, आता तिलाही नाही. त्यात माझं काय भरून निघालं, मास्तर?"

आणि ती उठून गेली. हातपंपाजवळ थांबून तिने पाय धुतले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चर्चच्या मैदानात कार्यक्रम झाला. बॅनर तोच होता. मास्तरांनी पेटी उघडली. चाळीस दिवस बंद असल्यावर येतो तसा तिला कापूर आणि लाकडाचा वास येत होता. दोन सूर उतरले होते. पहिलंच गाणं त्यांनी प्रिस्किलाचं धरलं. आधी म्हणाले, "हे दानियलसाठी आणि प्रिस्किलासाठी. उशिरा म्हणतोय."

पाऊस, चिखल, रोपं. पहिली ओळ संपली. आल्लेलुयाच्या जागी मंडळी वीस वर्षांच्या सवयीने अर्धा श्वास थांबली. तिथे कुणीच आलं नाही. मास्तरांची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली, भात्याचा हात थांबला आणि पेटीतला उरलेला सूर हळूहळू विरत गेला. दुसऱ्या धर्मग्रामांच्या मंडळ्यांना वाटलं, आमलीपाड्याचे लोक ताल चुकले. एस्तेरने आल्लेलुया उचलला तेव्हा तो फार उशिरा आला होता, प्रिस्किलापेक्षाही. प्रत्येक ओळीनंतर असंच झालं. शेवटपर्यंत कुणालाही ती जागा भरून काढता आली नाही, आणि मास्तरांनीही सुधारायला सांगितलं नाही.

रमीबाई मागच्या चटईवर होती. ती गायली नाही. तिला गाता येत नाही.

पुढच्या राखेच्या बुधवारी मास्तर कपाळावर राख घेऊन घरी आले. पेटी पुसली, खोक्यात ठेवली, कुलूप लावलं. मग चिंच आणि हातपंप ओलांडून रमीबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. ती सूप घेऊन बसली होती. त्यांनी किल्ली पुढे केली. तिने हात पुसून घेतली, पदराला बांधली, गाठ ओढून पाहिली.

"आणि मध्येच कुणी गेलं तर?" तिने विचारलं.

मास्तरांनी सुपातल्या तुरीतून एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तर घेऊन ये," ते म्हणाले.