कूलरची वायर

मुदखेडात जनरेटर भाड्याने देणारे चार-पाच जण आहेत, पण वाजिदभाईंसारखा कटकट्या माणूस दुसरा नाही. टेम्पोतून जनरेटर उतरला की आधी जमिनीत सळई ठोकायची, तिच्या बुडाशी दोन घागरी पाणी ओतायचं, आणि सगळ्या वायरी स्वतःच्या लाकडी पेटीतूनच न्यायच्या. त्या पेटीत एक यंत्र बसवलेलं. कुठे करंट गळाला की ते क्षणात लाईन तोडतं. मग वाजिदभाई एकेक प्लग काढत हिंडणार, आणि गळकी वस्तू सापडेपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत.

मी आनंदराज, आमच्या विहार समितीचा सचिव. शाळेत विज्ञान शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे केलं ते अडाणीपणातून केलेलं नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला भर दुपारी लाईट गेली. वाजिदभाईंचा जनरेटर सुरू केला. नांदेडहून आलेले पाहुणे बोलायला उभे राहिले आणि दहा मिनिटांत दोनदा लाईन तुटली. वाजिदभाईंनी शोधून काढलं, स्टेजजवळच्या कूलरच्या पत्र्यात करंट उतरत होता. कूलर बंदच ठेवा म्हणाले. इकडे पाहुणे घामाने निथळत होते. माझं डोकं सटकलं. माईक हातात होताच. तुमचं यंत्र घरी ठेवून या, आम्हाला कार्यक्रम करायचाय, असं मी त्यांना सगळ्या वस्तीसमोर सुनावलं. लोक हसले. मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही.

वाजिदभाई मंडपामागचे पंखे बघायला गेले. तेवढ्यात मी एक साधी दोन तारांची वायर घेतली आणि त्यांची पेटी टाळून कूलर थेट जनरेटरच्या सॉकेटात लावला. कूलर फिरू लागला, लाईन काही तुटली नाही. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

थोड्या वेळाने सरजामावशी खिरीचं पातेलं उतरवून तिकडे आल्या. माझ्या आईची ही मैत्रीण, विहारातलं कुठलंही काम न सांगता करणारी. कूलरमधलं पाणी संपलेलं बघून त्यांनी बादली आणली, ओल्या मातीत अनवाणी उभ्या राहिल्या आणि पत्र्याला हात लावला. त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. वाजिदभाईंनी धावत जाऊन जनरेटर बंद केला, तेव्हा कुठे त्या सुटून खाली कोसळल्या.

जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, ती अजून वाकत नाहीत.

लोक वाजिदभाईंच्या अंगावर धावून गेले. कुणीतरी कॉलर धरली. वाजिदभाईंना सॉकेटातली वायर दिसली तसे ते माझ्याकडे वळले.

"सर, ही वायर मी न्हाई लावली. तुमाला ठाव हाय."

मी मावशींच्या तोंडावर पाणी शिंपडत राहिलो. ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर आमच्या वस्तीत वाजिदभाईंना कुणी बोलावलं नाही. दोन लग्नांना दुसऱ्याचा जनरेटर आला, त्याच्याजवळ ना सळई ना पेटी. जूनमध्ये शाळा उघडली. आठवीच्या फळ्यावर अर्थिंगची आकृती काढताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की खडू ठेवून मी वर्गाबाहेर आलो.

त्याच संध्याकाळी सरजामावशींकडे गेलो. त्या डाव्या हाताने ज्वारी निवडत होत्या. वायर मी लावली, वाजिदभाईंचा काही दोष नाही, सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. वाजिदची माफी मागितलीस का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. समितीत सांगितलंस का? तेही नाही.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्याला बोललास तवा समदी वस्ती हुती. आन मला एकटीला सांगून राहिलास व्हय?"

मी दाराकडे बघितलं. घरात शिरल्यावर दार मीच ओढून घेतलं होतं.