आधी बांधकाम खात्याला विचार

गणपतराव गेल्याची बातमी मला कचेरीत कळली, तीही पाच दिवसांनी. गणपतरावांच्या पिंगळीहून येणारा आमचा शिपाई टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "बाई, तुमचे गणपतराव गेले की." मी तेव्हा कॉम्प्युटरवर सकाळचीच एक आज्ञा पुन्हा चालवत होते. ती त्यांनीच शिकवलेली युक्ती. बोट बटणावर तसंच राहिलं... आज महिना उलटून गेलाय, आणि चार वर्षं जे दडवलं ते सगळं लिहून काढावं म्हणून बसले आहे.

परभणीच्या आमच्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत आम्ही दोघंच. मी रोजंदारीवर, चोविशीतली. ते कारकून, पंचावन्न ओलांडलेले, निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. आज्ञेला ते 'हुकूम' म्हणत आणि दिवसभरात दिलेला प्रत्येक हुकूम लाल कापडी पाठीच्या एका वहीत उतरवून ठेवत. यंत्र स्वतःच सगळं लक्षात ठेवतं, मग ही हमाली कशाला, असं मी चिडवायची. त्यावर ते शांतपणे म्हणत, "लाइट गेली की त्याचं ध्यान जातंय. वहीचं जात न्हाई." आणि परभणीत लाइट जायची हो, दिवसातून तीनदा!

मागचा हुकूम पुन्हा कसा चालवायचा, हे त्यांनी पुस्तकात बोट ठेवून ठेवून शोधून काढलं. उद्गारचिन्ह दाबायचं आणि पुढे एक अक्षर. त्या अक्षराने सुरू होणारा शेवटचा हुकूम यंत्र आपणहून परत चालवतं, लांबलचक ओळ पुन्हा टाइप करायला नको. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या माणसाला उद्गारचिन्हाचं फार कौतुक वाटे. मला तर चटकच लागली.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एसट्या उभ्या, रस्ते ओस. मी गावातच राहत असल्याने पोचले, गणपतरावांचा पत्ता नव्हता. निराधार बायांची यादी दुसऱ्या दिवशी औरंगाबादला जायची होती आणि ती छापण्याचा हुकूम इंग्रजी 'आर'ने सुरू व्हायचा. मी आधी कच्च्या कामाचा कप्पा उघडून तिथला सगळा केरकचरा पुसून टाकला. मग यादीच्या कप्प्यात गेले, ऐटीत उद्गारचिन्ह दाबलं, पुढे 'आर'. पण पुसायचा हुकूमही 'आर'नेच सुरू होतो, आणि शेवटचा तोच होता. यंत्राने तो इमानेइतबारे पुन्हा चालवला. जिल्हाभरातल्या म्हाताऱ्या बायांची नावं एका क्षणात गेली.

गणपतराव पिंगळीहून रुळाच्या कडेकडेने चालत दुपारी पोचले. धोतराला गुडघ्यापर्यंत धूळ. मी मांडीवर हात ठेवून नुसती बसलेली. त्यांनी काही न विचारता यंत्राकडून मागच्या हुकुमांची यादी मागवली. एकच हुकूम दोनदा, मधे फक्त कप्पा बदललेला. त्यांनी ती यादी वहीत उतरवली आणि मग अर्जांचे गठ्ठे सोडले. तीन दिवस आम्ही नाव न् नाव पुन्हा टाइप केलं. मधेच त्यांनी मला इंग्रजी पी, डब्ल्यू, डी ही तीन अक्षरं टाइप करायला लावली. ती दिली की आपण कोणत्या कप्प्यात उभे आहोत ते यंत्र सांगतं. "हुकूम जुना आसंल, पर जागा तीच हाय का? आधी बांधकाम खात्याला इचार, आपन कुठं हाव." पीडब्ल्यूडी म्हणजे आमच्याकडे दुसरं काय असणार? रडता रडता मला हसू फुटलं.

यादी उशिरा गेली आणि साहेबांनी चौकशी लावली. मला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीला होता. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावती मी एकटी. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार, तोच गणपतराव म्हणाले, "माझ्याकून झालं, साहेब." मी गप्प राहिले. लाज वाटते, पण राहिले. माझ्या कागदावर सही झाली. त्यांच्यावर ठपका आला, हाताशी आलेली हेडक्लार्कची जागा गेली आणि शेवटची दोन वर्षं त्यांनी सेलूच्या रेकॉर्ड खोलीत धूळ खात काढली. रिटायर झाल्यावर एकदा परभणी स्टेशनवर भेटले. आज सांगतेच साहेबांना, असं मी म्हणणार होते. त्यांनीच आधी विचारलं, "बांधकाम खात्याला इचारतीस ना?" मी मान हलवली. गाडी आली आणि ते गेले.

बातमी कळल्यावर पिंगळीला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, काकूंनी, पेटीतून ती लाल पाठीची वही मला काढून दिली. "ही सुनंदाला द्या म्हणले व्हते," एवढंच बोलल्या. परतीच्या गाडीत मी ते पान शोधलं. हुकुमांची यादी, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी: 'हुकूम परत कसा द्यायचा ते मी शिकवलं. जागा विचारायला शिकवलं नाही. चूक माझी.' चार वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांच्या लेखी ते खरंच होतं... मी खिडकीकडे तोंड करून रडले.

नाही हो गणपतराव, हा हिशेब मला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर मी आधी ती तीन अक्षरं टाइप केली, रोजच्यासारखी. मग वही उघडून त्यांच्या ओळींखाली लिहिलं: 'बोट माझं होतं.' खाली पूर्ण नाव घालून सही केली, आणि वही तशीच उघडी हातात घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.