घरात कुणाला बीपी आहे का?

मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात आशा आहे. म्हणजे गावातली बाळंतपणं, लसी, गोळ्या आणि लोकांच्या शिव्या, सगळं माझ्याकडं. मागं एक फॉर्म आला. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला पाच-सहा प्रश्न विचारायचे, उत्तरं मोबाईलवर टाकायची, गुणांची बेरीज मोबाईल करतो. गुण चारच्या वर गेले की तपासणी शिबिराच्या पहिल्या यादीत नाव. बाकीच्यांनी थांबायचं. किती दिवस, ते फॉर्मात नव्हतं.

सुरुवात केली डाळिंबाच्या बागेवाल्या काकूंपासून. वयाचे दोन गुण. कंबर मोजायला टेप काढली तर काकू पोट आत ओढून उभ्या. "काकू, श्वास सोडा की!" सोडला, तसे आणखी दोन. व्यायाम गुडघ्यामुळं बंद, त्याचा एक. घरात कुणाला बीपी, शुगर? वडिलांना शुगर, आईला दोन्ही, सासऱ्यांना बारामतीला स्टेंट टाकलेला. सासरे धरत नाहीत म्हटल्यावर जरा नाराज झाल्या. तरी सात भरले. काकूंकडं ड्रॉवरमध्ये बीपीचं मशीन आहे, सकाळ-संध्याकाळ मोजतात. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत.

मग बागेत गेले. तिथं खुरपायला येते ती अक्का सरीत बसली होती. मला बघून म्हणाली, "ताई, डोक्याची एखादी गोळी हाय का? मागल्या बाजूनं लई दुखतंय. परवा उठले तर डोळ्यापुढं अंधारच आला, पडले हितंच." मी म्हटलं, "दवाखान्यात का नाही गेलीस?" म्हणाली, "उन्हाचं हाय, जाईल."

मी फॉर्म उघडला. आधार कार्डावर वय अडतीस, दिसते पन्नाशीची. एक गुण. रोज तंबाखूची मिश्री लावते, दोन. कंबरेला टेप गुंडाळली तर निम्मी हातात उरली. शून्य. आठवड्यात व्यायाम किती?

"व्यायाम म्हंजी काय करायचं आसतं?" शेजारच्या बाया हसायला लागल्या. दिवसभर खुरपं चालतं म्हणून तिथंही शून्य.

"आई आहे का?"

"न्हाय. खुरपता खुरपता पडली, जागेवरच गेली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कुठं हुता तितं?"

"आणि वडील?"

"झोपला त्यो उठलाच न्हाय."

'माहीत नाही' असं टाकलं. त्याला गुण नाहीत. एकूण तीन.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काकूंच्या घरात माणूस आजारी पडलं की आजाराला नाव मिळतं, त्याचे गुण मिळतात. हिच्या घरात नुसतीच माणसं जातात. मशीन माझ्याकडं नसतं, ते उपकेंद्रातल्या सिस्टरांकडं. काकूंचं मशीन तिथनं हाकेच्या अंतरावर होतं, पण तेव्हा ते मला सुचलं नाही. आजही त्याचा मला राग येतो.

बांधावर बसले आणि 'माहीत नाही'चं 'हो' केलं. आईला बीपी. दोन गुण. पाच झाले. सरकारी फॉर्मात मी खोटं पहिल्यांदाच लिहिलं असं नाही, पण लाज वाटली नाही असं पहिल्यांदाच झालं.

शिबिराला काकू स्वतःच्या गाडीनं आल्या, अक्काला मागं बसवून. काकूंचं बीपी झकास. सिस्टरांनी अक्काच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला आणि डॉक्टरांना बोलवून आणलं.

डॉक्टर म्हणाले, "ही बाई चालत आली?"

"न्हाय, गाडीतनं आले," अक्का ऐटीत म्हणाली.

डॉक्टरांनी मोबाईलमध्ये बघितलं. "आईला बीपी होतं का?"

"व्हय का?" अक्का म्हणाली. "मला म्हाईतच न्हवतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं. "असणारच," ते म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर ही सरीतच गेली असती, हे त्यांनी मला बाहेर येऊन सांगितलं.

आता दर महिन्याला मी गोळ्या घेऊन बागेत जाते. फुकट मिळतात. अक्का पुन्हा पडली नाही. परवा गोळ्या पदरात बांधता बांधता म्हणाली, "ताई, तवा तुमी माझ्या आयचं खोटंच लिवलं न्हवं?"

मी पिशवीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायला लागले.

"माझी पोरगी बाविसाची हाय. तिशीची झाली की तिचा फॉर्म भरताल. तवा खोटं लिवायची गरज न्हाय. आयला बीपी हाय, आसं खरंच लिवा."

लिहिते, म्हटलं.