चुकीचा पत्ता

"पहिले चुकीचा पत्ता टाक, बाबू."

कोणतीही नवी वेबसाइट तपासायला बसलं की आपा हेच म्हणायच्या. मग पेनाचं टोपण दातात धरून स्वतःच काहीतरी वेडंवाकडं टाइप करायच्या, आणि पडद्यावर 'हे पान सापडलं नाही' असं आलं की खूश. "हां. याले नाई म्हणता येते. आता याच्यावर भरोसा ठेवाले हरकत नाई."

अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून त्या रोज पायी ऑफिसला येत. ऑफिस म्हणजे काय, कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्या आणि चार कॉम्प्युटर. मी मोर्शीचा, नुकताच इंजिनिअर झालेला, म्हणजे अंगात शहाणपणा मावत नव्हता. आपा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, बी.कॉम. झालेल्या, बाकी सगळं पुस्तकं उघडून स्वतः शिकलेल्या. त्यांच्या अब्बांचं रफूचं दुकान होतं. फाटलंय कुठं ते बोटानं चाचपायची सवय तिथलीच, असं त्या सांगायच्या.

आमचं काम तुम्हाला थोडक्यात सांगतो. वेबसाइटच्या प्रत्येक पानाला एक पत्ता असतो. कोणता पत्ता आला की कोणतं पान उघडायचं याची यादी आम्ही लिहितो, तिला राउट म्हणतात. कॉम्प्युटर ती यादी वरून खाली वाचतो आणि जो पत्ता पहिला जुळला तिथंच थांबतो. पुढं आणखी चांगला जुळणारा असला तरी ढुंकून पाहत नाही. यादी बरोबर आहे का हे तपासायला आम्ही छोट्या छोट्या चाचण्या लिहायचो. बरोबर असलं की हिरवी खूण, चुकलं की लाल.

एकदा एका साडीच्या दुकानाची साइट मी केली होती. माझ्या चाचण्या सगळ्या हिरव्या. आपांनी 'नवीन माल' असा पत्ता टाकला तर तक्रारीचं पान उघडलं, कारण तक्रारीचा पत्ता मी यादीत वर आणि फार ढिला, कशालाही जुळेल असा, लिहिला होता. आपा हसून हसून लाल. "बाई बिचारी साडी पाहाले आली, अन् यानं तिले तक्रारवहीसमोर नेऊन बसवलं! काहून रे, तुही चाचणी काय पाहून राहिली होती?"

"पान उघडते का ते, आपा."

"पान उघडते हे नको पाहू. कोणतं उघडते ते पाय."

मी हो हो म्हटलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतो, एवढंच.

त्या साली सोयाबीनला शेंगच धरली नाही. खालच्या कृषी केंद्राचा मालक दिवसभर पेपर वाचत बसायचा. तेव्हाच एका शिक्षण संस्थेचं काम आलं. दुष्काळी गावांतल्या बारावी झालेल्या मुलींना शहरात वसतिगृहात फुकट जागा, अर्ज फक्त वेबसाइटवर. अर्जाचा पत्ता छापलेली पत्रकं गावोगाव वाटून झाली होती. आपांनी हे काम स्वतःकडे ओढून घेतलं. "या पोरी एकदा गावाबाहेर निंगाल्या पाहिजे. येक साल घरी बसली की पोरगी गेली समज."

मग अमरावतीला त्यांची बहीण दवाखान्यात भरती झाली, आणि आपा आठ दिवस तिकडे गेल्या. नेमकं तेव्हाच संस्थेच्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांनी कुठूनतरी चुकीचा पत्ता टाकला होता आणि 'पान सापडलं नाही' हे त्यांना दिसलं होतं. "हे काय अपशकुनी? आमच्या साइटवर 'नाही' हा शब्द नको." शिवाय अर्जाच्या पत्त्यात संस्थापकांचं नाव घालायचं होतं. मी दोन्ही केलं. अर्जाचा पत्ता बदलला आणि यादीच्या तळाशी एक ओळ टाकली: कुठलाही पत्ता जुळला नाही तर मुखपृष्ठ दाखव. साहेब खूश, मी खूश.

चाचणीत अजून पत्रकावरचा जुनाच पत्ता होता. तो लाल व्हायला हवा होता. पण माझ्या नव्या ओळीनं त्यालाही मुखपृष्ठ दाखवलं, पान उघडलं, हिरवी खूण आली. चाचण्यांच्या अहवालाखाली 'तपासणी' म्हणून नेहमी आपांचं नाव असे, त्याशिवाय गिऱ्हाईक अहवाल घेत नसे. मी त्यांचं नाव टाकून पाठवून दिला.

आपा परत आल्या त्या दिवशी टेबलावरचं पत्रक उचलून त्यांनी पत्ता जसाच्या तसा टाइप केला. संस्थापकांचा हार घातलेला फोटो आला. खाली 'संपर्क' म्हणून एक चौकट होती, नाव, गाव, मोबाइल.

"अर्ज कुठी हाय?" आपांनी विचारलं.

आम्ही संपर्काची यादी उघडली. मुलींची नावं होती. निरोपाच्या जागेत कोणी मार्क लिहिले होते, कोणी 'वसतिगृह पाहिजे, घरून परवानगी आहे' असं. त्यांना तोच अर्ज वाटला होता. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती आणि संस्थेतल्या ओळखीनं नवा पत्ता कळलेल्या शहरातल्या मुलींनी जागा भरल्या होत्या.

"या अल्ला," एवढंच त्या म्हणाल्या.

ती यादी घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी अहवाल पुढं सरकवला. "मॅडम, इथं तर सगळं हिरवं आहे. तपासणीला नाव तुमचंच ना?"

आपांनी नाव पाहिलं. अहवालावरच्या तारखेला आपण अमरावतीला दवाखान्यात होतो हे त्यांना ठाऊक होतं. एकदा माझ्याकडं पाहिलं. "हो. माझंच हाय," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते, आणि लाज वाटून काही होत नाही.

जिन्यात मी म्हटलं, "आपा, चुकलं माझं."

"मी बोलली असती तं तुले काढलं असतं. पोरींले खोली थोडीच भेटली असती?"

दोन दिवस त्यांनी फोन लावले. कुणाचा बंद, कुणाचा भाऊ उचलून ठेवून देई. भातकुलीच्या एका मुलीचा मात्र लागला, आणि आपांना तिला फोनवर सांगवलं नाही. आम्ही एसटीनं गेलो.

घरात कोरा चहा मिळाला. मुलगी आतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद घेऊन आली. नेट कॅफेतून छापून आणलेला होता: 'धन्यवाद. आपली माहिती प्राप्त झाली आहे.'

"मॅडम, भेटली म्हणून लिवलं हाय ना? हे दाखवलं तं चालते ना?"

"नाई बेटा. नाई चालत."

आई दारातच उभी होती. "मंग पुढच्या साली?"

"पुढच्या सालाचं मले मालूम नाई, बाई."

"पुढचं साल कोनं पाह्यलं. आयतवारी पाहुणे येऊन राहिले तिले पाहाले."

मुलीनं कागद पाकिटात परत घातला, कडा न मुडपता. मग विचारलं, "चूक कोनाची झाली, मॅडम?"

"माझी," आपा म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. हातातला चहा मी संपवला.

दुसऱ्या दिवसापासून आपा ऑफिसला आल्या नाहीत. मी दोनदा जुन्या शहरात त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा अब्बांनी दार उघडलं आणि ती झोपली आहे म्हणून सांगितलं, दुपारी बारा वाजता. मी यादीच्या तळाची ती ओळ काढून टाकली. आठवड्याभरात साहेबांचा फोन आला की ते अपशकुनी पान परत दिसायला लागलंय.

मी ओळ परत टाकली.